दोराच्या टोकाची गाठ

मंडळाच्या कार्यक्रमात मला नेहमी एकच प्रश्न विचारतात, आणि तोही दुसऱ्या वाढपाच्या वेळी. "अगं, तो कडा चढणारा माणूस फोटोत दिसतो, ते ठीक. पण तो फोटो काढताना तू कुठे असतेस?"

"मीपण तिथेच लटकलेली असते," मी सांगते.

समोरच्या काकू क्षणभर माझ्याकडे बघतात, मग माझ्या ताटाकडे बघतात आणि म्हणतात, "अजून एक गुलाबजाम घे बाई."

मंडळाच्या अंकाच्या संपादकांचा 'कामाचे अनुभव लिही' असा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. एक तर माझं शिक्षण पुण्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या तासालाही आम्ही इंग्रजीत कुजबुजत असू. दुसरं म्हणजे मला बोलायला आवडत नाही, आणि लिहिणं हे शेवटी बोलणंच. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूजवळ माझी मावशी राहते. तिला हे कळल्यावर ती म्हणाली, "सव्विसाव्या वर्षी कसल्या डोंबलाच्या आठवणी? पण लिही. निदान तू काय करतेस ते लोकांना कळेल. मला विचारतात तेव्हा मी आपलं 'कम्प्युटर' म्हणून सांगते."

तर मावशीची एकदाची सुटका व्हावी म्हणून हे लिहिते आहे.

मावशीनेच आम्हाला अमेरिकेत आणलं. २००१ साली आई-बाबा तिच्या शेजारच्या गल्लीत राहायला लागले आणि मी कोलोरॅडोत कॉलेजला गेले. शिकणार होते कम्प्युटरच. पण कॉलेजच्या जिममध्ये चढायची एक कृत्रिम भिंत होती. पहिल्या आठवड्यात मी तिथे शिरले, कारण बाकी सगळीकडे लोक एकमेकांना "हाय, हाउ आर यू" करत होते आणि इथे सगळ्यांची तोंडं भिंतीकडे होती. मला तो देश त्या दिवशी पहिल्यांदा आवडला. भिंतीवरून खऱ्या कड्यावर गेले, आणि कड्यावर जाताना मावशीच्या मिस्टरांचा जुना कॅमेरा बरोबर न्यायला लागले. कॅमेरा डोळ्याला लावला की कोणी तुमच्याशी बोलत नाही, हा शोधही त्याच सुमाराचा.

आता थोडं धंद्याबद्दल. कडा चढणाऱ्याचा फोटो खालून काढला, तर त्याच्या शरीराचा जो भाग सगळ्यांत मोठा दिसतो तो कुठल्याही मासिकाला नको असतो. चेहरा हवा, हात हवे, आणि पायांखाली पसरलेली दरी हवी. म्हणजे फोटो वरून काढावा लागतो. त्यासाठी मी सकाळी लवकर कड्याच्या मागच्या सोप्या वाटेने माथ्यावर जाते, तिथे माझा स्वतंत्र दोर बांधते आणि त्यावरून खाली सरकत चढाईच्या वाटेच्या बाजूला येऊन लटकते. मग वाट बघते. उन्हाची, ढगाची, चढणाऱ्याची. पायांना मुंग्या येतात, नाक खाजतं, दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले असतात. अंगावरची प्रत्येक वस्तू दोरीने बांधलेली असावी लागते, अगदी लेन्सचं झाकणसुद्धा. कारण माझ्या हातून सुटलेलं झाकण खालच्या माणसासाठी झाकण राहत नाही. सगळा सरंजाम चढवून मी उभी राहिले की लग्नातल्या घोडीसारखी दिसते, असं आई म्हणते. त्या वाक्यातला 'लग्न' हा शब्द ती जरा लांबवते.

हे सगळं मला वॉल्टने शिकवलं. वॉल्ट साठीचा होता, हडकुळा, एका कानाने कमी ऐकणारा. तो फोटोग्राफर नव्हता. फोटोवाल्यांसाठी कड्यावर दोर लावणं आणि चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं, हे त्याचं काम. माझ्या सगळ्या मोठ्या कामांवर तो असे. चढाई सुरू होण्याआधी दोघांनी एकमेकांच्या गाठी हाताने तपासायच्या आणि जे तपासलं ते मोठ्याने म्हणायचं, असा या लोकांचा रिवाज आहे. तीस वर्षं चढणारेसुद्धा म्हणतात. संध्येसारखं आहे ते, कंटाळा आला तरी चुकवायचं नाही. मी मात्र गाठ बघायचे आणि मान हलवायचे.

"मान हलवलेली मला ऐकू येत नाही," वॉल्ट म्हणायचा.

"ठीक आहे," मी पुटपुटायचे.

"हेही नाही आलं. उद्या तू माझ्या डोक्यावर लटकलेली असशील आणि वरून दगड सुटेल. तेव्हा काय, मान हलवशील?"

मी मान हलवायचे.

पण खरं सांगायचं तर माझ्या गप्प राहण्यावरच माझं बरं चाललं होतं. अर्ध्या तासात चढणारे विसरून जायचे की बाजूला कोणी लटकलं आहे. मग ते स्वतःशी बडबडायचे, शिव्या द्यायचे, रडायचेही, आणि मला खरे चेहरे मिळायचे. ज्या मासिकाला मी सगळ्यांत जास्त फोटो दिले त्याची फोटो-संपादक कॅरन. ती एकदा म्हणाली, "तुझ्या फोटोंतली माणसं अगदी एकटी वाटतात. जणू तिथे कोणी नव्हतंच." हे वाक्य मी पुढची काही वर्षं पदकासारखं मिरवलं. अर्थात मनातल्या मनात.

गप्प राहण्याचा तोटा एकदाच झाला, पण चांगला झाला. एका कपड्यांच्या कंपनीच्या कॅटलॉगचं काम होतं. चढणारा बऱ्यापैकी नावाजलेला, जॅकेट भडक लाल, दिवस स्वच्छ. मी लेन्समधून बघते तर जॅकेटच्या काखेखाली किमतीचं लेबल लोंबतंय. मी विचार केला, कंपनीची बाई खाली उभी आहे, तिला दिसत असेलच. आणि लेबल ठेवण्यामागे त्यांचं काही कारणही असेल. मी कोण सांगणार? लाजाळू माणसाचा हा ठरलेला हिशेब असतो: 'त्यांना माहीत असेलच.' तेव्हा मी फिल्मवर काम करायचे. रोल धुऊन आले, आणि खालून उजेड पाडणाऱ्या टेबलावर कंपनीच्या बाईने भिंग लावलं. एकेका फ्रेममध्ये सूर्य, दरी, ताणलेले स्नायू, आणि वाऱ्यावर डौलाने फडफडणारं लेबल.

"तुला दिसलं नाही?" तिने विचारलं.

"दिसलं," मी म्हटलं. त्या बाईचा चेहरा हा मी न काढलेल्या फोटोंपैकी एक.

निसर्गाचे फोटो काढायचे असले की बोलायचा प्रश्नच येत नाही, असं मला वाटायचं. तिथे माणसंच नसतात. निदान नसायला हवीत. यूटामध्ये एका दरीच्या कठड्यावर मी पहाटे ट्रायपॉड लावून उभी होते. सूर्य वर आला की समोरचे लाल सुळके पेटल्यासारखे दिसतात, आणि ते सगळं चहा गार होण्याआधी संपतं. नेमकं त्या वेळी एक कुटुंब माझ्या फ्रेममध्ये येऊन उभं राहिलं. आई, वडील, दोन मुलं, थर्मास.

"ती मुलगी आपल्यातली दिसते नाही?" आई म्हणाली. मराठीत.

"साउथ इंडियन असेल," वडील.

"एकटीच आलीये वाटतं."

"छे, एकटी कशाला येईल? नवरा गाडीत झोपला असेल."

"कसला यार हा नवरा! बायको थंडीत कुडकुडतेय आणि हा झोपलाय."

मी त्या नवऱ्याची बाजू घ्यायला हवी होती. घेतली नाही. थोड्या वेळाने वडिलांनी इंग्रजीत विनंती केली म्हणून मी त्यांच्या कॅमेऱ्यावर त्यांचा फोटो काढून दिला. मुलगा म्हणाला, "डॅड, कॅन वी गो नाउ?" वडिलांनी मला सांगितलं की ते ॲशबर्नहून इतक्या लांब फक्त या सूर्योदयासाठी आलेत. मी "यू आर वेलकम" म्हटलं आणि ते गेले. माझ्या सूर्योदयातलं निम्मं ऊन त्यांच्याबरोबर गेलं. पण कठड्याच्या टोकाला ते चौघं नखाएवढे दिसतायत, अशी एक फ्रेम मी ते जवळ येण्याआधी घेतली होती. त्या चार ठिपक्यांमुळे दरी केवढी मोठी आहे ते कळतं. मोठ्या आकारात छापून विकला गेलेला माझा पहिला फोटो तोच. ॲशबर्नमधल्या कोणी हे वाचत असेल, तर थर्मास निळ्या रंगाचा होता. आणि नवरा नव्हता.

असं माझं छान चाललं होतं. मग वर्तक आले.

वर्तकांना माझा पत्ता मावशीने दिला. श्रीकांत वर्तक टेक्ससमधल्या फ्रिस्कोत राहायचे, एका कंपनीत मॅनेजर होते. मूळचे पुण्याचे, वय पन्नाशीचं. त्यांनी फोनवर सांगितलं, "कॉलेजात असताना आमचा क्लाइंबिंगचा ग्रूप होता. सह्याद्रीतले किती सुळके केले असतील! पण माझा एकही फोटो नाही. का सांग?"

"का?"

"कारण कॅमेरा माझा होता! सगळ्यांचे फोटो मी काढले. माझी लेक आता विचारते, 'बाबा, आर यू शुअर तुम्ही तिथे होता?' मला एक फोटो पाहिजे बघ. कड्यावर, दोर लावून, चढताना. आणि वरून दोर टाकून मला बादलीसारखं ओढून घ्यायचं नाही हां. पुढे मी चढणार."

फोटो काढणाऱ्याचा फोटो नसतो, हे मला त्यांच्याहून चांगलं कोणाला कळणार? मी हो म्हटलं. तरी ईमेलमध्ये त्यांना 'मिस्टर वर्तक' म्हणत राहिले. क्लायंटला काका म्हटलं की तो आपल्याला जेवायला बोलावतो आणि मग लग्नाचं विचारतो, असा माझा अनुभव होता.

वर्षभर ते जवळच्या डॅलसच्या जिममध्ये सराव करत होते. मग एका सप्टेंबरात दोघं नवरा-बायको गाडी ड्राइव्ह करत कोलोरॅडोत आले. मी वॉल्टला घेतलं आणि एक सोपा पण उंच कडा निवडला. खाली खळाळता ओढा होता आणि चढाईच्या वाटेवर लोखंडी कड्या ठोकलेल्या होत्या. चढणाऱ्याने एकेका कडीत आपला दोर अडकवत वर जायचं, खालच्याने दोर सोडत राहायचं. माथ्याजवळच्या कडीत दोर अडकवला की चढणारा बसल्यासारखा लटकतो आणि खालचा माणूस दोर हळूहळू सोडत त्याला खाली आणतो.

सकाळी कड्यापाशी पोचल्यावर मिसेस वर्तकांनी सर्वांत आधी लाडवांचा पुडा काढला. त्याला सुतळी बांधलेली होती. वॉल्टने मदत म्हणून चाकू पुढे केला.

"नको नको," त्या म्हणाल्या, "कापायची कशाला? सुटते की." आणि खरंच, नखाने ती गाठ उकलून, सुतळीचा गुंडा करून त्यांनी पर्समध्ये टाकला. पर्समध्ये तसे आणखी दोन गुंडे होते.

"ही घरातली एक दोरी टाकू देत नाही," वर्तक म्हणाले. "आमच्याकडे एक ड्रॉवर आहे. त्यातून विहिरीला दोर होईल."

"लागते हो कधीतरी. आणि तू गं," त्या माझ्याकडे वळल्या, "आम्ही काय तुला मिस्टर-मिसेस दिसतो? काकू म्हण की सरळ."

मी मान हलवली.

डबे गाडीत राहिले म्हणून त्या पुन्हा पार्किंगकडे गेल्या. तेवढ्यात वॉल्टने वर्तकांना सगळं समजावलं. दोर त्या कड्याला पूर्ण पुरणारा नव्हता. उतरताना तळापासून दोन मजले उंचीवर, वाटेच्या जरा बाजूला, एक रुंद पायरी होती. तिथपर्यंतच दोर पोचत होता. तिथून पायवाटेने खाली यायचं. वॉल्टने दोराच्या मोकळ्या टोकाला मोठी गाठ मारली. "ही गाठ माझ्या हाताला लागली की मी थांबणार. मग तुम्ही बाजूला पाय टाकून पायरीवर उभे राहा. मी दोराकडे बघणार नाही, माझे डोळे सतत तुमच्यावर असतील." वर्तकांनी मोठ्याने "ओके" म्हटलं. वॉल्टने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो नेहमीसारखा हताश हसला.

त्या गाठीच्या वेळी काकू तिथे नव्हत्या, हे आमच्या तिघांच्याही लक्षात आलं नाही.

मी मागच्या वाटेने वर जाऊन माझ्या दोरावर लटकले. वर्तक चढायला लागले. पहिल्या कडीपर्यंत ते पन्नाशीचे मॅनेजर होते, धापा टाकणारे. पण मग काहीतरी बदललं. हात दगडावर फिरवून, पकड सापडली की तिला हळूच थोपटायचे. जुन्या ओळखीच्या गायीला थोपटावं तसं. जिममध्ये कोणी हे शिकवत नाही. मी फोटो काढत राहिले.

मध्ये ते श्वास घ्यायला थांबले तेव्हा मी लेन्स सहज खाली वळवली. काकू वॉल्टच्या पायांमागे, ओढ्याकाठच्या उन्हात बसल्या होत्या. वॉल्ट मान वर करून वर्तकांकडे बघत दोर सोडत होता. त्याच्यामागे दोराचा ढीग कसाही पडला होता आणि काकू तो नीट लावत होत्या. टोकापासून सुरुवात करून, एकावर एक वेढे, जशी जात्यातून पिठाची कड पडते तसे गोल. हिरवा स्वेटर, जांभळा दोर. मला ती फ्रेम आवडली. एक फोटो काढला आणि परत वर्तकांकडे वळले.

ते माथ्याजवळ पोचले. शेवटच्या कडीत दोर अडकवला आणि कपाळ दगडाला टेकवून थोडा वेळ तसेच राहिले. मी त्यांच्या इतकी जवळ होते की त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांना माझी आठवण नव्हती. तो फोटो मला मिळाला. मग ते ओरडले, "अगं, बघितलंस का?" खालून काकूंनी दोन्ही हात हलवले. वॉल्टने त्यांना खाली सोडायला सुरुवात केली.

खाली येणाऱ्या माणसाचे फोटो कोणी घेत नाही, पण ते इतके खुशीत होते की मी घेत होते. त्यांच्या खांद्यावरून खाली वॉल्ट, वॉल्टच्या मागे ती सुबक गुंडाळी. एकेक वेढा उचलला जात होता. ढीग असता तर काही दिसलं नसतं. पण काकूंनी तो इतका व्यवस्थित लावला होता की टोक लोकरीच्या गुंड्याचं काढतात तसं बाहेर काढून ठेवलेलं मला वरून स्पष्ट दिसलं. गुळगुळीत. मोकळं.

गाठ नव्हती.

माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच: वॉल्टला माहीत असेलच.

मग मला सकाळची सुतळी आठवली. काकूंना दोराला गाठ पडलेली दिसली होती, आणि त्यांनी ती सोडवली होती. वॉल्टचे डोळे वर होते आणि हात गाठीची वाट बघत होता. गाठ येणार नव्हती. पायरीपाशी येता येता टोक त्याच्या हातातून निसटणार आणि वर्तक दोन मजल्यांवरून खालच्या दगडांवर पडणार. हे त्या सगळ्या कड्यावर फक्त मला माहीत होतं.

"वॉल्ट!" मी म्हणाले. म्हणाले असंच लिहायला हवं, कारण ते ओरडणं नव्हतं. ओढ्याच्या आवाजात वॉल्टला फक्त माझं तोंड हललेलं दिसलं. त्याने मला अंगठा दाखवला. छान फोटो आला असेल असं त्याला वाटलं.

चार वेढे राहिले होते.

मी कॅमेरा सोडून दिला आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा घेऊन ओरडले, "काकूऽऽ! दोर! तो दोर धरा! सोडू नका, काकू!"

तो आवाज माझाच आहे हे मला क्षणभर कळलं नाही. समोरच्या कड्यावरून तो परत आला तेव्हा कळलं. काकूंनी काय, कशाला, काही विचारलं नाही. हातातला डबा टाकला आणि राहिलेल्या वेढ्यांवर पालथ्या पडल्या. दोर ओढला गेला, वॉल्टने मूठ आवळली, मागे पाहिलं, आणि त्या मोकळ्या टोकाकडे बघतच राहिला.

वर्तक हवेत झुलत होते. "काय झालं? थांबलं का? फोटो आला का गं?"

"आला, काका!" मी ओरडले. आता आवाज उघडलाच होता तर म्हटलं. "हलू नका!"

वॉल्टने टोकाला गाठ मारली, ओढून पाहिली, आणि मी वरून सांगत गेले तसं त्यांना पायरीपर्यंत आणलं. मी खाली पोचले तेव्हा तिघंही एकाच दगडावर बसले होते. डबा उपडा होता, पराठे ओढ्याच्या वाटेवर. काकूंना वॉल्टने समजावून सांगितलं होतं. त्यांच्या हातात अजून ते टोक होतं.

"मला वाटलं गाठ पडलीये," त्या म्हणाल्या. "घट्ट होती हो. हेअरपिनने सोडवली मी." मग, "मी मारलं असतं ह्यांना."

काकांनी हेल्मेट काढलं, डोक्यावरून हात फिरवला. "सत्तावीस वर्षांच्या संसारात," ते म्हणाले, "माझी दोरी एकदाच हिच्या हातात आली. आणि बघा."

काकूंनी त्यांच्या दंडावर जोरात चापट मारली. मग रडल्या. मग काकाही.

वॉल्टने काकूंना दोष दिला नाही. स्वतःलाच दिला असावा, कारण परतताना तो एकदाही हसला नाही. त्याने फक्त काकूंकडून टोकाची गाठ मारून घेतली, पुन्हा पुन्हा, त्यांना जमेपर्यंत. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "यापुढे शेवटची तपासणी तुझी. मी बघणार, तू बोलणार. मोठ्याने."

माझा कॅमेरा दोरीला लोंबकळून कड्यावर आपटला होता, लेन्सला तडा गेला होता. काकू पालथ्या पडल्या, वॉल्टने मूठ आवळली, काका हवेत थांबले, यातलं एकही चित्र माझ्याकडे नाही. आयुष्यात पाहिलेली सगळ्यांत मोठी फ्रेम, आणि ती काढायला कोणी नव्हतं. फोटोग्राफर ओरडण्यात गुंतली होती.

त्यानंतर मी बोलायला लागले. फार नाही. पण गाठी तपासताना, वर लटकल्यावर, चढणाऱ्याच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली तर. लेबल दिसलं तर नक्कीच. आणि याची एक किंमत असते, ती मला दीड वर्षाने कळली. कॅरनने माझ्या नव्या फोटोंचा संच बघून विचारलं, "हे कोणाचे आहेत?"

"माझेच."

"वाटत नाहीत. ही सगळी माणसं तुझ्याकडे बघतायत."

मी घरी येऊन पाहिलं. खरं होतं. कोणी सरळ बघत होतं, कोणी डोळ्याच्या कोपऱ्यातून, पण मी तिथे आहे हे आता प्रत्येकाला माहीत होतं. तो जुना एकटेपणा गेला होता. तो परत आणता येतो का, हे मी बरेच दिवस करून पाहिलं. नाही येत. कॅरनने नंतर माझं काम कमी घेतलं. तिचं चुकलं असं मला वाटत नाही, तसले फोटो आता दुसरी एक मुलगी काढते, आणि फार चांगले काढते. मला वाईट वाटतं. तसं फार नाही, दर महिन्याला मासिक आलं की वाटतं.

काकांचा कपाळ टेकवलेला फोटो फ्रिस्कोत त्यांच्या हॉलमध्ये आहे. लेकीने तो पाहून "ओह माय गॉड, बाबा!" म्हटलं, आणि तेवढ्यासाठीच सगळं केलं असं काका म्हणतात. काकूंचा हिरव्या स्वेटरमधला फोटो मी त्यांना पाठवणार नव्हते. त्यांनीच मागून घेतला. तो त्यांनी त्या दोऱ्यांच्या ड्रॉवरवर लावला आहे.

आणि मी कुठे कामाला निघाले की त्यांचा फोन येतो. मला घरातून निघताना मावशीला कळवावं लागतं, मावशी काकूंना कळवते, असं ते जाळं आहे. कड्यावर सिग्नल नसतो, म्हणून मी पार्किंगमधूनच बोलते.

"आज कोण आहे दोरावर?" काकू विचारतात.

"नवीन मुलगा आहे, काकू. तुम्ही ओळखत नाही."

"टोकाला गाठ बघितलीस?"

"अजून दोर गाडीत आहे. बघणार."

"बघशील आणि मान हलवशील. काय म्हणायचं असतं?"

मी आजूबाजूला बघते. शेजारच्या गाडीतले चढणारे सामान काढत असतात. दोघं-तिघं माझ्याकडे बघत असतात.

"टोकाला गाठ आहे," मी म्हणते.

"ऐकू नाही आलं बाई."

मग मी ओरडते. सगळं पार्किंग वळून बघतं.